आम्हां पामरांची पाठ

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात नाटकाच्या मध्यंतराला चहाच्या रांगेत जरा कान उघडे ठेवून उभे राहावे. पूर्वी तिथे ग्रीन कार्डाच्या तारखा ऐकू यायच्या, मग मुलांच्या कॉलेजांच्या फिया. आता निम्म्या गप्पा पाठीच्या असतात. कोणाची गादी सरकलेली असते, कोणाच्या मणक्यात गॅप असते, कोणी गाडीत बसताना उशी बरोबर नेतो. दिवसाचे दहा तास संगणकासमोर बसून पोट भरणारी आपली जमात. पाठीने तक्रार केली तर नवल नाही. मात्र या गप्पांत एक वाक्य नेहमी आवाज खाली आणून बोलले जाते : "मी सध्या कायरोप्रॅक्टरकडे जातोय." लगेच रांगेतली डॉक्टर मंडळी छताकडे पाहू लागतात, आणि तिसराच कोणी म्हणतो, "अहो, माझी पाठ तर त्यानेच बरी केली!"

हा आवाज खाली का येतो, याचा मी शोध घेतला, त्याला दोन कारणे झाली. एक म्हणजे तीन वर्षांपूर्वी माझीही पाठ धरली आणि सुटता सुटेना. दुसरे म्हणजे मी राहतो ते ठिकाण. मिसिसिपी नदीच्या इलिनॉयकडच्या काठावर आमचे गाव आणि समोरच्या काठावर आयोवातले डॅव्हनपोर्ट. शेतीच्या यंत्रांच्या धंद्यामुळे या भागात आपली बरीच इंजिनियर मंडळी आहेत. कायरोप्रॅक्टिक नावाचा व्यवसाय जन्मला तो याच डॅव्हनपोर्टमध्ये, १८९५ साली. त्याचे पहिले कॉलेज ब्रॅडी स्ट्रीटच्या चढावर आजही उभे आहे. संस्थापकाचे आडनाव पामर. मराठी माणसाला "पामर कॉलेज" ही पाटी वाचून हसू आल्याशिवाय राहत नाही. पाठ धरलेली असेल तर तेही जपूनच हसावे लागते.

मी "डॉक्टर" आहे, पण इंजिनियरिंगचा. तेव्हा औषधपाणी सांगण्याचा मला अधिकार नाही. पण वाचून, विचारून आणि स्वतःच्या पाठीवर अनुभवून माझे एक मत झाले आहे. कायरोप्रॅक्टरच्या दारात पाऊल टाकण्यापूर्वी या व्यवसायाचा इतिहास माहीत असणे हे एमआरआयच्या रिपोर्टइतकेच उपयोगाचे असते. तो इतिहास थोडक्यात सांगतो.

हाडवैद्य आणि पायाळू

माझी पाठ धरली तेव्हा आई पुण्याहून आलेली होती. मला भिंत धरून चालताना पाहून ती म्हणाली, "अरे, तुमच्या त्या मंडळात एखादा पायाळू नाही का रे?" इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगतो : जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. पाठीत उसण भरली, चमक निघाली, की अशा माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी समजूत. आमच्या वाड्यात एक पायाळू काका होते आणि त्यांना या कामासाठी रात्री-अपरात्रीही उठवत असत.

मी हसलो खरा, पण पुढे वाचताना थक्क झालो. वॉल्टर ग्रेगर नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने १८८१ साली ईशान्य स्कॉटलंडच्या लोकसमजुतींचे पुस्तक काढले. त्यात हेच आहे! पायाकडून जन्मलेल्या माणसाने दुखऱ्या जागी चोळले किंवा ती जागा पायाने तुडवली की मुरगळ आणि कंबरदुखी जाते, अशी तिथल्या कोळ्या-शेतकऱ्यांची श्रद्धा होती. कुठे पुणे, कुठे ॲबर्डीन! त्याच्याही खूप आधी, ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांवरच्या ग्रंथात पाठीच्या बाकावर हाताने, वजनाने, प्रसंगी पायाने दाब देण्याचे वर्णन आहे.

दुखऱ्या पाठीवर दाब द्यावा हे माणसाला ठिकठिकाणी सुचलेले आहे. आपल्याकडे हाडवैद्य होते, इंग्लंडात बोनसेटर होते. त्यांची विद्या बापाकडून मुलाकडे जायची, पदवी कोणाकडेच नसायची. शिकलेले डॉक्टर त्यांना तुच्छ लेखत. मात्र सर जेम्स पॅजेट या मोठ्या इंग्लिश सर्जनने १८६७ साली आपल्या विद्यार्थ्यांना एक व्याख्यान दिले, त्याचा विषयच होता बोनसेटर बरे करतात ते रोगी. तुमच्या हातून बरा न झालेला रोगी त्यांच्याकडे जाऊन बरा होतो आणि तुमची अब्रू जाते. तेव्हा त्यांच्यातले चांगले असेल ते उचला, वाईट असेल ते टाळा, असा त्याचा सूर होता.

व्यवसायाने तो ऐकला नाही. हर्बर्ट बार्कर हा लंडनमधला नावाजलेला बोनसेटर. त्याच्या रोग्यांना भूल देत म्हणून डॉ. ॲक्सहॅम यांचे नाव १९११ साली डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. पुढे १९२२ साली बार्करला "सर" किताब मिळाला. ॲक्सहॅमना मात्र त्यांची सनद काही परत मिळाली नाही. आपल्या मुंबईतही फारसे वेगळे नव्हते. १९१२ च्या बॉम्बे मेडिकल ॲक्टनंतर काही वर्षांतच डॉ. पोपट प्रभुराम यांचे नाव नोंदवहीतून काढले गेले. त्यांचा गुन्हा कोणता, तर ते आयुर्वेदाच्या कॉलेजशी संबंध ठेवून होते. "चुकीच्या माणसांत बसलास" एवढ्यावरून सनद काढून घेण्याची ही रीत पुढे अमेरिकेत फार मोठ्या खटल्याचे कारण झाली. तिकडे येऊच.

व्हॉट चीअरचा किराणावाला

डॅनियल डेव्हिड पामर १८४५ साली कॅनडात, टोरांटोजवळ जन्मला. अमेरिकेत येऊन त्याने शाळामास्तरकी केली, मधमाश्या पाळल्या, व्हॉट चीअर असे गमतीदार नाव असलेल्या आयोवातल्या गावात किराणा दुकान चालवले. मग तो "मॅग्नेटिक हीलर" झाला, म्हणजे हात फिरवून शरीरातली चुंबकशक्ती जागवणारा. आज हे हास्यास्पद वाटते, पण तो काळ पाहावा. पारा आणि जुलाब देऊन रोग्याला आणखी अशक्त करणाऱ्या डॉक्टरांची आठवण ताजी होती. कॅन्ससमध्ये अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरची तीन मुले १८६४ साली मेंदूज्वराने गेली. औषधांवरचा विश्वास उडालेल्या स्टिलने १८७४ साली ऑस्टिओपथी काढली आणि १८९२ मध्ये आयोवाशेजारच्या मिसूरी राज्यात तिचे कॉलेज. हाताने हाडे-सांधे हलवून रोग बरा करायचा, ही कल्पना त्या मुलखाच्या हवेतच होती.

१८ सप्टेंबर १८९५ ही कायरोप्रॅक्टिकची जन्मतारीख मानतात. पामरच्या इमारतीत हार्वी लिलार्ड नावाचा कृष्णवर्णीय सफाई कामगार होता. त्याला सतरा वर्षे नीट ऐकू येत नव्हते. त्याच्या पाठीत एक मणका वर आलेला दिसला, तो मी दाबून जागेवर बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असे पामर सांगे. लिलार्डच्या मुलीने पुढे सांगितलेली कथा निराळी आहे : वडील मित्राशी थट्टामस्करी करत उभे होते, विनोदावर खूश होऊन पामरने त्यांच्या पाठीत पुस्तक हाणले, आणि काही दिवसांनी ऐकण्यात फरक वाटला.

यातली कुठलीही हकीकत खरी धरा, एक गोष्ट लक्षात ठेवा. या व्यवसायाचा पहिला रोगी पाठदुखीचा नव्हताच. तो बहिरेपणाचा होता. ऐकण्याची नस तर पाठीच्या मणक्यांतून जातच नाही, ती कानातून सरळ मेंदूत जाते. पण पामरने या एका प्रसंगावरून सिद्धान्त उभारला. मणका जागचा हलला की नसेवर दाब येतो, शरीरातली उपजत "इनेट इंटेलिजन्स" अडते आणि रोग होतो. या हलण्याला त्याने "सब्लक्सेशन" म्हटले. शंभरातले पंचाण्णव रोग यातूनच होतात, असे तो १९१० च्या आपल्या ग्रंथात लिहून बसला. प्राण, नाडी हे शब्द ज्यांच्या कानांवरून लहानपणापासून गेलेत त्या आपल्यासारख्यांना ही भाषा ओळखीची वाटते, आणि म्हणूनच आपण जास्त सावध राहायला हवे. व्यवसायाचे नाव मात्र सॅम्युएल वीड या पाद्र्याने ग्रीकमधून जुळवून दिले. त्याचा अर्थ साधा आहे : हाताने केलेले काम.

तुरुंगातून विधिमंडळात

१८९७ मध्ये शाळा निघाली आणि १९०६ मध्ये खुद्द पामर तुरुंगात गेला. गुन्हा, परवान्याशिवाय वैद्यकी. पुढच्या काळात त्याचे शेकडो अनुयायी असेच आत गेले.

यातला एक खटला आपण परदेशस्थांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. शेगातारो मोरिकुबो हा जपानी तरुण पामरच्या शाळेतून शिकून विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावी व्यवसाय करत होता. १९०७ साली त्याच्यावर परवान्याशिवाय ऑस्टिओपथी केल्याचा खटला भरला. त्याचा वकील टॉम मॉरिस याने बचाव असा मांडला : माझा अशील ऑस्टिओपथी करतच नाही, कायरोप्रॅक्टिक हे वेगळे शास्त्र, वेगळे तत्त्वज्ञान आणि वेगळी कला आहे. ज्युरीने थोडक्या वेळात मोरिकुबोला निर्दोष सोडले. तो काळ कसा होता पाहा. त्याच वर्षी सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात जमावाने लाकूडगिरण्यांतल्या आपल्या पंजाबी कामगारांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले. अशा दिवसांत एका आशियाई माणसाला न्याय मिळाला, याचे समाधान वाटते. पण त्या बचावाची किंमत व्यवसायाने पुढे शंभर वर्षे मोजली. "आम्ही वेगळे आहोत" हे कोर्टात दाखवायचे, तर पामरचा वेगळा सिद्धान्त सोडून चालणार नव्हते. तो सिद्धान्त खरा की खोटा हा प्रश्न मागे पडला आणि तुरुंगापासून वाचवणारी ढाल म्हणून तो जपला गेला.

मग एकेक राज्य वळले. कॅन्ससने १९१३ मध्ये पहिला कायदा केला. कॅलिफोर्नियात १९२२ साली मतदारांनीच कौल दिला. शेवटचे राज्य लुइझियाना, १९७४. म्हणजे पन्नास राज्यांना साठ वर्षे लागली.

दरम्यान पामर १९१३ मध्ये वारला आणि शाळा त्याच्या मुलाच्या, बी. जे. पामरच्या हाती आधीच आलेली होती. हा विलक्षण धंदेवाला. १९२२ मध्ये त्याने डब्ल्यूओसी हे रेडिओ स्टेशन घेतले. पुढे १९३२ साली तिथेच रोनाल्ड रेगन नावाच्या बेकार तरुणाला निवेदकाची पहिली नोकरी मिळाली. १९२४ मध्ये बी. जे. ने मणक्यांवरचा उष्णतेतला फरक दाखवणारे यंत्र काढले आणि ते कायरोप्रॅक्टरांना जबर भाड्याने द्यायला सुरुवात केली. यावरून त्याचे कितीतरी जुने सहकारी सोडून गेले. पण मूळ फूट आधीचीच होती. एका बाजूला "स्ट्रेट", म्हणजे सोवळे : सब्लक्सेशन शोधा, मणका बसवा, बाकी काही करू नका. दुसऱ्या बाजूला "मिक्सर", म्हणजे हाताच्या इलाजाबरोबर शेक, व्यायाम, आहार, सारे वापरणारे. मिक्सरांची नॅशनल स्कूल ही शाळाही डॅव्हनपोर्टमध्येच १९०६ साली निघाली आणि दोन वर्षांत शिकागोला गेली. ही फूट लक्षात ठेवा. आपल्या पाठीशी तिचा थेट संबंध आहे.

डॉक्टरांची दोन पापे

आता डॉक्टरांकडे वळू. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये "कमिटी ऑन क्वॅकरी", म्हणजे भोंदूगिरीविरोधी समिती नेमली. तिचे मुख्य लक्ष्य होते कायरोप्रॅक्टिक. आधी रोखायचे आणि मग संपवायचे. संघटनेच्या नीतिनियमांनुसार "अशास्त्रीय" इलाज करणाऱ्याशी व्यावसायिक संबंध ठेवणे हे डॉक्टरसाठी अनैतिक होते. रोगी पाठवायचा नाही, रोगी घ्यायचा नाही, एक्स-रे वाचून द्यायचा नाही. ॲक्सहॅम आणि पोपट प्रभुराम यांचीच ही अमेरिकन आवृत्ती.

१९७६ मध्ये चेस्टर विल्क आणि त्याचे चार सहकारी कायरोप्रॅक्टर यांनी शिकागोच्या फेडरल कोर्टात दावा लावला. मुद्दा वैद्यकाचा नव्हताच. १८९० च्या शर्मन ॲक्टचा, म्हणजे मक्तेदारीविरुद्धच्या कायद्याचा होता. पहिला निकाल १९८१ साली विरुद्ध गेला, अपिलात फिरला, आणि ऑगस्ट १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी संघटनेला बेकायदा बहिष्काराबद्दल दोषी ठरवले. १९९० मध्ये वरच्या कोर्टानेही तो निकाल कायम केला.

पुष्कळ दवाखान्यांच्या भिंतीवर या निकालाचा उल्लेख अभिमानाने लावलेला दिसतो. तो अभिमान योग्यच आहे, पण निकालाचा अर्थ नीट समजून घ्यावा. बहिष्कार बेकायदा आहे, एवढेच कोर्टाने सांगितले. कायरोप्रॅक्टिक शास्त्रीय आहे की नाही, हे कोर्टाने ठरवलेले नाही, आणि ते कोर्टाचे कामही नाही.

डॉक्टरांचे दुसरे पाप जास्त सभ्य होते. १९३४ साली बॉस्टनमध्ये मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिले की मणक्यांमधली चकती फुटून नसेवर दाबली की पायात कळ जाते. शोध खरा आणि मोठा. पण पुढची पन्नास वर्षे प्रत्येक पाठदुखीत चकती शोधण्यात गेली. एकीकडे शस्त्रक्रिया, दुसरीकडे "पडून राहा" हा सल्ला. १९८६ मध्ये दोन दिवस विश्रांती आणि सात दिवस विश्रांती यांची तुलना झाली; दोन दिवसवाले तितकेच बरे झाले आणि लवकर कामावर गेले. १९९४ मध्ये पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या, आणि सगळ्या चकत्या ठाकठीक असलेले फक्त ३६ टक्के. म्हणजे माझ्या रिपोर्टात लिहिलेला "बल्ज" हा माझ्या दुखण्याचे कारण असेलच असे नाही. तो पिकलेल्या केसासारखाही असू शकतो. मग १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आले, आणि साध्या पाठदुखीसाठी अफूच्या जातीची औषधे लिहून दिली जाऊ लागली. त्याचे पुढे काय झाले ते या देशात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जे डॉक्टर हाताच्या इलाजाला धोकादायक म्हणत होते, त्यांच्या लेखणीतून हे घडले.

मोजले तेव्हा

इंजिनियरला शेवटी आकडे लागतात. १९९८ मध्ये अमेरिकेत ३२१ कंबरदुखीचे रोगी तीन गटांत वाटले : कायरोप्रॅक्टिक, फिजिकल थेरपीचे व्यायाम, आणि नुसती एक माहितीपुस्तिका. पहिले दोन गट पुस्तिकेपेक्षा किंचित सरस आणि एकमेकांच्या बरोबरीचे ठरले. दोन वर्षांचा खर्च मात्र पहिल्या दोघांचा माणशी सव्वाचारशे डॉलरच्या पुढे आणि पुस्तिकेचा दीडशेच्या आसपास. २०१८ मध्ये सैन्यातल्या ७५० जणांवर प्रयोग झाला. नेहमीच्या उपचारांना कायरोप्रॅक्टिकची जोड दिलेल्यांना सहा आठवड्यांत अधिक आराम पडला. फरक मध्यम होता. २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सांगितले की कंबरदुखीत आधी गोळ्या नकोत. शेक, मालिश, मणक्यांवरचा हाताचा इलाज, व्यायाम, योग हे आधी करून पाहावे. बहुतेक नवी पाठदुखी काही आठवड्यांत आपोआप कमी होते, हेही त्यांनी तितकेच स्पष्ट सांगितले.

म्हणजे हात थोडासा उपयोगी पडतो. सिद्धान्ताचे काय? तो टिकलेला नाही. मणका दाबताना होणारा "कट्" आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होण्याचा असतो. दृष्ट काढताना आजी कानशिलावर बोटे मोडायची, तोच हा आवाज. २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठात बोटांच्या सांध्यांवर एमआरआय लावून तो प्रत्यक्ष पाहिला गेला.

सिद्धान्त चुकला म्हणून इलाज खोटा, असे मात्र होत नाही. सादी कार्नोने १८२४ साली वाफेच्या इंजिनाची मर्यादा शोधली ती उष्णता हा एक द्रव आहे असे धरून. कल्पना चूक निघाली, निष्कर्ष टिकला. कारण तो मोजून पाहता येत होता. पाठीच्या इलाजाला हाच नियम लावावा. जेवढे मोजून सिद्ध झाले तेवढे घ्यावे : कंबरदुखीला थोडा आराम. बहिरेपणा, दमा, मुलांचे कान फुटणे, ही १८९५ ची उधारी. ती आपण फेडायचे कारण नाही.

गंमत अशी की ही उधारी सरकारी कायद्यातही शिरली. १९७२ साली मेडिकेअरमध्ये कायरोप्रॅक्टिक आले ते "सब्लक्सेशन दुरुस्त करण्यासाठी मणक्यांवर हाताने केलेला इलाज" या शब्दांत. ते एक्स-रेत दिसले पाहिजे, अशीही अट होती. ती एक्स-रेची अट २००० सालापासून गेली, शब्द राहिला.

पाटी एक, दुकाने दोन

आता माझी पाठ. गोळ्या झाल्या, फिजिकल थेरपी झाली, सहा महिने गेले. मग एकाच रस्त्यावरच्या दोन कायरोप्रॅक्टरांकडे गेलो.

पहिल्या ठिकाणी आत शिरताच पूर्ण कण्याचा एक्स-रे काढला. पडद्यावर लाल रेघा मारून माझा कणा किती वाकडा आहे ते दाखवले. ३६ भेटींचा आराखडा, पैसे आगाऊ भरल्यास सवलत. बरोबर आलेल्या आईकडे पाहून "फॅमिली प्लॅन"ही सुचवला, आणि मुलाचे कान वारंवार दुखतात हे कळल्यावर त्यालाही घेऊन यायला सांगितले. आई पंचाहत्तरीची. तिची हाडे ठिसूळ झाल्याचे निदान आधीच झालेले. अशा पाठीवर झटका देणे म्हणजे मणका मोडण्याची जोखीम. तिच्या हाडांबद्दल तिथे कोणी एक प्रश्नही विचारला नाही. आम्ही आभार मानून उठलो. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "आमचे पायाळू काका बरे. निदान ते आधी विचारायचे, पडलाबिडलास का म्हणून. आणि पैसे घ्यायचे नाहीत."

दुसऱ्या ठिकाणी तिशीतली बाई होती. तिने वीस मिनिटे नुसते प्रश्न विचारले. लघवी-शौचावर ताबा आहे ना? मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा? पायातली ताकद? ताप, घटलेले वजन, पूर्वी कॅन्सर? मग पाय उचलून पाहिले, हातोडीने गुडघे तपासले. एक्स-रे नको म्हणाली. सहा भेटी, त्यातही अर्धा वेळ व्यायाम शिकवण्यात. सहाव्या भेटीनंतर तिने सांगितले, आता चालत राहा, खुर्चीतून तासाला एकदा ऊठ, आणि पुन्हा धरली तरच ये. मानेवर झटका हवा का असे मीच विचारले, तर तिने स्वच्छ सांगितले की मानेच्या इलाजात रक्तवाहिनीला इजा होण्याचा विरळ पण गंभीर धोका असतो, आणि तुझ्या तक्रारीला त्याची गरजच नाही.

पाठ आज नव्वद टक्के बरी आहे. तिच्या हाताने, व्यायामाने की नुसत्या काळाने, हे एका माणसाच्या पाठीवरून कळत नाही. पण त्या दोन दवाखान्यांत मी काय पाहिले ते कळले. बाहेर पाटी एकच, पदवी एकच, परवाना एकच. आत मात्र इतिहासाचे दोन वेगळे फाटे. एकात १८९५ चा पामर अजून बसलेला आहे. दुसऱ्यात पॅजेटने १८६७ मध्ये सांगितलेला शहाणपणा अखेर आला आहे, फक्त तो डॉक्टरांऐवजी कायरोप्रॅक्टरांनी उचललेला आहे. परवाना देणारे राज्य, पैसे देणारी इन्शुरन्स कंपनी आणि निकाल देणारे कोर्ट, यांपैकी कोणीही हा फरक आपल्यासाठी करून ठेवलेला नाही. तो आपल्यालाच दारात करायचा आहे.

तो करणे अवघड नाही. चकती, कणा, ऊर्जा यांवरचे व्याख्यान बाजूला ठेवून चार गोष्टी पाहाव्यात. आधी प्रश्न विचारतात की आधी एक्स-रे? इलाज कधी संपणार ते सांगतात का? पाठीखेरीज दुसरे रोग बरे करण्याचे आश्वासन देतात का? आणि "हे माझे काम नाही, डॉक्टरकडे जा" असे म्हणण्याची त्यांची तयारी आहे का? लघवीवरचा ताबा गेला, मांड्यांत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी झाली, तर कायरोप्रॅक्टरही नको आणि पायाळूही नको; सरळ इमर्जन्सीत जावे.

बाकी, कायरोप्रॅक्टरकडे जात असाल तर चहाच्या रांगेत आवाज खाली आणायचे काही कारण नाही. आणि कोणी जात असेल तर आपल्या डॉक्टर मित्रांनीही छताकडे न पाहता एवढेच विचारावे : "दोघांपैकी कोणाकडे?"